माती वाळवायची, चाळायची, लेबल लावायचं

ऑक्टोबर लागला की आमच्याकडे वाळवणाचे दिवस सुरू होतात. मातीच्या वाळवणाचे. ब्रॉडबाल्कच्या शेतातून आलेले नमुने ट्रेमध्ये पातळ पसरायचे, ओली ढेकळं हातानं फोडायची, मुळं आणि गव्हाच्या काड्या चिमट्यानं वेचायच्या, गारगोटीचे तुकडे बाजूला काढून त्यांचं वजन वहीत लिहायचं. माती सुकली की दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. चाळलेल्यातली थोडी अगदी बारीक दळून घ्यायची, बाकीची बाटलीत भरायची आणि लेबल लावायचं. शेताचं नाव, पट्टा, भाग, किती खोलवरची माती, तारीख.

इंग्लंडमध्ये संशोधन करते म्हटलं की आमच्या नातेवाइकांना पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक दिसतो. माझ्या दिवसाचा मोठा भाग या ट्रेंपाशी जातो, आणि मला हे काम मनापासून आवडतं. का आवडतं, ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

लंडनच्या उत्तरेला, सेंट ऑल्बन्स आणि लूटन यांच्या मध्ये हार्पेंडन नावाचं गाव आहे. तिथे रोथॅमस्टेड ही शेती संशोधनाची संस्था. जॉन बेनेट लॉज हा इथला जमीनदार. त्यानं १८४२ साली सुपरफॉस्फेट हे खत बनवण्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. १८४३च्या शरदात दोघांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरला. त्या शेतात तेव्हापासून आजपर्यंत गव्हाचा प्रयोग चालू आहे. काही भागांत आता फेरपालट असते, पण काही भागांत सलग गव्हावर गहूच. शेताचे लांब पट्टे पाडलेले आहेत. एका पट्ट्याला १८४३पासून कसलंच खत दिलेलं नाही. एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत. उरलेल्यांना नत्र, स्फुरद, पालाश वेगवेगळ्या प्रमाणात. लॉज आणि गिल्बर्ट यांनी ५७ वर्षं एकत्र काम केलं. जगात इतका जुना आणि अजून चालू असलेला शेतीचा प्रयोग दुसरा नाही.

बिनखताचा पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही. गहू विरळ, फिकट, गुडघ्याच्या जरा वर. तरी हेक्टरी टनभर दाणा तो आजही देतो. इतकी वर्षं जमिनीतून नुसतं काढून घेतलं, तरी ती शून्यावर आलेली नाही. शेणखताच्या पट्ट्यात पाऊल टाकलं की जमीन लगेच वेगळी लागते. गडद रंग, भुसभुशीत, पाऊस पडून गेल्यावरही पाणी साचत नाही. त्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आणि शेणखतातून आलेला कार्बन, बिनखताच्या मातीच्या अडीच पटीहून जास्त आहे. हा कर्ब पहिल्या काही दशकांत भराभर वाढला आणि मग हळूहळू वाढायचा जवळजवळ थांबला. जमीन कर्ब किती साठवू शकते याला मर्यादा असते, आणि ती गाठायला माणसाचं अख्खं आयुष्य लागतं. आजकाल मातीत कर्ब साठवून हवामानबदल आटोक्यात आणायच्या गोष्टी फार होतात. त्या बोलणाऱ्यांनी या दोन पट्ट्यांमधून एकदा चालत जावं असं मला फार वाटतं.

माझा प्रश्न त्या साठलेल्या कर्बाबद्दलच आहे. तो सगळा एका जातीचा नसतो. काही कर्ब अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यात सुटा असतो, तो लवकर निघून जातो. काही चिकणमातीच्या बारीक कणांना घट्ट धरून बसलेला असतो, तो दशकानुदशकं राहतो. एका जड द्रावणात माती ढवळून ठेवली की सुटा अंश वर तरंगतो आणि कणांना चिकटलेला तळाशी बसतो. दोन्ही वेगळे काढायचे, धुवायचे, सुकवायचे, वजन करायचं आणि मग कथिलाच्या इवल्याशा कपात काही मिलिग्रॅम घेऊन यंत्रात जाळायचं. जळताना किती कार्बन डायऑक्साइड निघाला, ते यंत्र सांगतं.

यात एक मेख आहे. जुन्या काळी इथले शेतकरी जमिनीखालचा खडू खणून शेतात पसरत. त्याचा चुना मातीत अजून आहे, आणि यंत्राला चुन्यातला कर्ब आणि कुजलेल्या पानातला कर्ब सारखाच. म्हणून चुना वेगळा मोजून वजा करावा लागतो. हे मला इथे कुणी शिकवावं लागलं नाही. अकोल्याच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे असतातच, त्यामुळे आम्हाला ही खबरदारी पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेली असते.

शेतातून नमुना घेण्याचा दिवस मात्र सगळ्यात दमवणारा. ऑगस्टमध्ये काढणी होते, ऑक्टोबरात पुढचा गहू पेरायचा असतो, आणि मधल्या काळात नांगर लागायच्या आत माती घ्यायची असते. पाऊस असतोच. गमबूट, रेनकोट, खिशात पेन्सिल, कारण ओल्या हातानं पेननं लिहिता येत नाही. जमिनीत गारगोटी इतकी, की ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, दर थोड्या वेळानं दगडावर अडकतो. मग बाजूला सरकून पुन्हा. खोली तेवीस सेंटीमीटर, ना कमी ना जास्त. लॉज आणि गिल्बर्ट नऊ इंच घेत, म्हणून आम्हीही नऊ इंचच घेतो. आज कुणाला वीस सेंटीमीटर सोयीचं वाटलं म्हणून बदल केला, तर मागच्या सगळ्या आकड्यांशी आपलं नातं तुटतं. त्यातही शेणखताची जमीन फुगलेली, हलकी असते. तिच्या तेवीस सेंटीमीटरमध्ये माती कमी बसते. ते वजन हिशेबात धरलं नाही तर कर्बाचा आकडा चुकतो.

शेतावर काम करणारी माणसं ही जमीन आम्हा शास्त्रज्ञांपेक्षा चांगली ओळखतात. कुठल्या पट्ट्यात ऑगर अडेल, कुठे पाणी लवकर निचरतं, तणनाशक न मारलेल्या भागात कुठलं तण कधी उगवतं, सगळं त्यांना पाठ. त्यांच्यातल्या एका काकांनी पहिल्या वर्षी मला ऑगर कसा फिरवायचा ते दाखवलं. खांद्यानं जोर लावायचा नाही, अंगाचं वजन टाकायचं. माझ्या पाठीवर त्यांचे फार उपकार आहेत.

आता बाटल्यांविषयी. इथल्या नमुना-भांडारात तीन लाखांच्या आसपास नमुने आहेत. माती, दाणे, काड, गवत, खतं. जुन्या बाटल्या काचेच्या, बुचानं बंद केलेल्या, वर मेण आणि शिसं. उंच मांडण्यांवर रांगेनं उभ्या. लेबलांवर कुणाकुणाची वळणदार अक्षरं. १८६५ सालची ब्रॉडबाल्कची माती आहे, १८८१ची आहे, १८९३ची आहे. मला त्यातली काही ग्रॅम हवी असेल तर अर्ज करावा लागतो. कशासाठी, किती, दुसऱ्या कुणी आधीच मोजलेलं आहे का, उरलेलं परत करणार का, सगळं लिहून द्यायचं. हे नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत, कारण १८६५ची माती आता नव्यानं तयार होणार नाही.

ज्यांनी ती बुचं लावली, त्यांना ती माती पुढे कशाला लागेल हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. साठवलेल्या गवतात पुढे लोकांनी अणुबॉम्बच्या चाचण्यांमधून जगभर पसरलेलं प्लुटोनियम शोधलं. जुन्या गव्हातून बुरशीचा डीएनए काढला आणि दाखवलं, की पानांवरच्या करप्याच्या दोन बुरशींपैकी कुठली वरचढ ठरते, हे हवेतल्या सल्फर डायऑक्साइडबरोबर दीडशे वर्षं बदलत गेलं. गव्हाच्या बाटलीला बूच लावणाऱ्या माणसाच्या काळी डीएनए म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. त्यानं फक्त नीट वाळवलं, नीट भरलं आणि नीट लिहिलं. मी लेबल लिहिताना हाच माणूस माझ्या मनात असतो. माझ्यानंतर शंभर वर्षांनी ही बाटली उघडणाऱ्या बाईला काय मोजायचं असेल, मला सांगता येणार नाही. तिला तारीख आणि पट्टा मात्र वाचता आला पाहिजे.

बाई हा शब्द मी मुद्दाम वापरला. १९०६ साली विनिफ्रेड ब्रेंचली इथे रुजू झाल्या, इथल्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. पुढे संचालक झालेल्या रसेल यांनी लिहून ठेवलंय, की प्रयोगशाळेत बाई आल्यावर काय करायचं हे कुणाला कळेना. तिला चहा तर द्यायलाच हवा, असं ठरलं, आणि मग तेव्हापासून सगळ्यांनाच रोज दुपारचा चहा मिळू लागला. ब्रेंचली यांनी पुढे तणांवर आणि इथल्या गवताळ कुरणांवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्याच विभागात काम करणाऱ्या कॅथरिन वॉरिंग्टन यांनी १९२३ साली सिद्ध केलं, की वनस्पतींच्या वाढीला बोरॉन लागतोच. आमच्याकडे कपाशीला बोरॉन कमी पडला की कृषी सहायक जो सल्ला देतात, त्याचं मूळ या बाईंच्या बाकल्याच्या कुंड्यांमध्ये आहे. चहाची सुट्टी अजून टिकून आहे. मी रोज जाते. कुणाचं यंत्र बंद पडलंय, कुणाच्या पेपरला परीक्षकांनी काय विचारलंय, कुणाला मूल झालंय, सगळं तिथेच कळतं. माझ्या एका मोठ्या अडचणीवर उत्तर अशाच चहाच्या टेबलावर एका कीटकशास्त्रज्ञानं दिलं होतं.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकताना कर्ब मोजायची वॉकले-ब्लॅकची पद्धत आम्ही इतक्या वेळा केली, की अजून झोपेतही करता येईल. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट घाला, सल्फ्युरिक आम्ल ओता, अर्धा तास थांबा, मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडा. जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो. देशातल्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा अजून बहुतेक याच पद्धतीनं कर्ब मोजतात. शेतकऱ्याच्या जमीन आरोग्यपत्रिकेवरचा सेंद्रिय कर्बाचा आकडा इथूनच येतो. वॉकले आणि ब्लॅक यांनी ती पद्धत १९३४ साली रोथॅमस्टेडमधूनच प्रसिद्ध केली होती, हे मला इथे आल्यावर कळलं. तिच्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्केच मोजला जातो, म्हणून १.३ नं गुणायचं. तो १.३ आम्ही परीक्षेत पाठ लिहिला होता. तो कुठल्या माणसांनी, कुठल्या इमारतीत काढला, याचा विचार तेव्हा कधी केला नव्हता.

असे दुवे आणखीही आहेत. ब्रॉडबाल्कच्या शेतातून निचरणाऱ्या पाण्यात नत्र किती वाहून जातं, हे १८६०च्या दशकात ऑगस्टस व्होल्कर यांनी तपासलं. त्यांचा मुलगा जॉन ऑगस्टस १८८९ साली हिंदुस्थानात आला, गावोगाव फिरला, आणि १८९३च्या अहवालात त्यानं स्वच्छ लिहिलं, की इथला रयत शेतीत इंग्रज शेतकऱ्याला कमी नाही, काही बाबतींत सरसच आहे. पानसे आणि सुखात्मे यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक आपल्याकडे शेतीच्या प्रत्येक प्रबंधाच्या संदर्भसूचीत असतं. ते दोघंही १९३०च्या दशकात लंडनला शिकले, आणि त्या काळच्या शेतीच्या संख्याशास्त्राचा पाया रोनाल्ड फिशर यांनी रोथॅमस्टेडच्या याच गव्हाच्या आकड्यांवर घातला होता. इथे परकं वाटतं का, असं मला विचारतात. कामात तरी वाटत नाही.

कामाबाहेरचं सांगायचं तर हार्पेंडनची भाडी मला परवडत नाहीत, म्हणून मी लूटनला राहते. एका घरातली एक खोली. दुसऱ्या खोलीत केरळची एक नर्स. ती रात्रपाळीहून येते तेव्हा मी निघालेली असते. फ्रिजमध्ये तिनं माझ्यासाठी मीन करी ठेवलेली असते, मी तिच्यासाठी भाकरी ठेवते. लूटनच्या बरी पार्क भागात ज्वारीचं पीठ मिळतं. शेगडी विजेची, आच नाही, त्यामुळे भाकरी तव्यावर अर्धी भाजून ओव्हनच्या ग्रिलखाली सरकवते. छान फुगते. ३२१ नंबरच्या बसनं कामावर जाते. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. म्हणजे जाताना अंधार, येताना अंधार. त्या महिन्यांत मी जेवणाच्या सुट्टीत पाऊस असला तरी शेताकडे चक्कर मारून येते. एक-दोन रविवारी लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गेले. १९३२ सालापासून चालू असलेली संस्था आहे. तिथे एका आजींनी मला वऱ्हाडी बोलायला लावलं आणि स्वतः डोळे पुसत बसल्या.

अवघड आहे ते कराराचं. माझी नोकरी तीन वर्षांची. इथे पीएचडीनंतर बहुतेकांची अशीच असते. पहिलं वर्ष पद्धत बसवण्यात जातं, दुसरं मोजण्यात, आणि तिसऱ्या वर्षी मोजायचं की पुढचे अर्ज करायचे, अशी ओढाताण. व्हिसा नोकरीला बांधलेला. वर आरोग्य अधिभार, दर वर्षाचे १,०३५ पौंड, तेही सगळ्या वर्षांचे आगाऊ. मनात एकीकडे १८४३ आणि दुसरीकडे कराराची शेवटची तारीख, असं घेऊन रोज काम करावं लागतं. मला हे चुकीचं वाटतं. ज्या विज्ञानाला पन्नास वर्षांनी उत्तर मिळतं, त्याला हातभार लावणाऱ्या माणसांना तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत जगायला लावणं बरोबर नाही. लॉजला हे कळलं होतं. त्यानं १८८९ साली एक लाख पौंडांचा न्यास केला, आपण गेल्यावरही प्रयोग थांबू नयेत म्हणून. आज प्रयोगांच्या खर्चात सरकारी संशोधन परिषदेचा पैसाही आहे. पण मधल्या महायुद्धांच्या आणि मंदीच्या काळात पेरणी चुकली नाही, याचं मूळ मला त्या न्यासात दिसतं. बुद्धिमत्ता पुष्कळ ठिकाणी असते. टिकाव धरायला पैसा बाजूला काढून ठेवणारा कुणीतरी लागतो.

हे सांगण्याचं कारण अकोला आहे. तिथेही काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग १९८०च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे. शेणखत घातलेले वाफे, नुसतं रासायनिक खत घातलेले वाफे, बिनखताचे वाफे. मी विद्यार्थिनी असताना तिथे उन्हात बसून नमुने भरलेत. ब्रॉडबाल्कची माती थंड, ओल्या देशातली आहे. वर्षातले चार महिने पाऊस आणि मग भेगा पडेपर्यंत ऊन, अशा जमिनीत कर्ब कसा टिकतो, हे ब्रॉडबाल्क सांगू शकत नाही. ते अकोलाच सांगेल, परभणी सांगेल. तिथल्या प्रत्येक वर्षाच्या मातीची बाटली ही राज्याची ठेव आहे. तिला कोरडी खोली, घट्ट झाकण आणि वाचता येणारं लेबल मिळावं, आणि त्या कामावरच्या माणसाला कायमची नोकरी मिळावी. अनुदानाचे निर्णय घेणारं कुणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती समजा.

घरी मी हे आधीच सुरू करून टाकलंय. आमचं शेत मूर्तिजापूर तालुक्यात, कोरडवाहू. सोयाबीन, तूर, पाऊस राहिला तर हरभरा. गेल्या रविवारी बाबांचा फोन आला.

"काय वं, जेवली काय? काय करून रायली?"

"माती वाळत घातलीय, बाबा."

"इकडं सोयाबीन निघालं. हरभरा पेराच्या आधी घेऊ काय मग तुह्या बरणीतली माती?"

"हो, आणि दरवर्षी याच वेळी घ्यायची. शेणखत टाकायच्या आधी."

मग त्यांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं. बांधाजवळ नाही, बाभळीखाली नाही, उकिरड्याच्या जागेवर नाही. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी पट्टीनं मोजून तेवढंच खोल. सगळी माती पोत्यावर एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा मिसळायची, अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवायची, उन्हात नाही.

"अन् नाल्याकडच्या वावरातली वेगळी ठेवू काय?"

"वेगळीच. ती जमीन वेगळी आहे."

मूर्तिजापूरला गेलो की घट्ट झाकणाच्या अजून दोन बरण्या आणतो, म्हणाले.